सोमीच्या पानाचा पत्ता

टक्.

सुक्या बोंबलाचं डोकं मोडलं की असाच आवाज होतो, कोरडा आणि छोटासा. दुपारचे दोन वाजले होते. मेघालीला अर्धा तास थोपटून मी नुकतीच बाहेर आले होते आणि सालवडच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळपासून पहिल्यांदा शांतता झाली होती. स्वयंपाकघरात गावाहून राहायला आलेल्या सासूबाई वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या, शेजारी बोंबलांची पिशवी. मी दारातूनच हात जोडले. त्यांनी जीभ चावली आणि पुढचं डोकं पदरात धरून मोडलं. त्याचा आवाज आला नाही.

चार वर्षांची मुलगी दुपारी किती वेळ झोपेल ते कुणीच सांगू शकत नाही. कधी दोन तास झोपते, कधी खाली एखाद्या टेम्पोनं हॉर्न दिला की संपलं. माझं सगळं काम तेवढ्या वेळात चालतं. मेघाली होण्याआधी मी एका कंपनीत वेबसाइट बनवायचे. ती नोकरी सुटली, पण हात शिवशिवायचे राहिले नाहीत. म्हणून ह्या हिवाळ्यात सासरच्या गावातल्या सहा जणींसाठी एक साइट केली. सहाही जणी सुकी मासळी करतात. प्रत्येकीचं एक पान, पानावर तिच्या मालाचे फोटो, आज काय वाळत घातलंय ते, आणि तिचा फोन नंबर. प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता दिला. पालघरहून स्टिकर छापून आणले, जिच्या-तिच्या पाकिटावर जिचा-तिचा पत्ता आणि नंबर. बायकांनी मोठ्या कौतुकानं ते चिकटवले. मी घरी परतताना रिक्षात उगाच हसत होते.

लॅपटॉप उघडेपर्यंत फोन थरथरला. त्या सहा जणींतल्या सोमीनं फोटो पाठवला होता. फोटोत तिच्या भावाचा फोन, त्यावर पांढरं पान आणि मोठ्या अक्षरांत एक आकडा. मागोमाग तिचा आवाज.

"चारूवैनी, ह्यो चारशे चार काय हाय? आमच्या खळ्यात चाळीस वलांड्या पन नाय सगळ्या मिळून!"

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूंचा मांडव. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी आडव्या बांबूवर टाकायची. गावाच्या खळ्यात, म्हणजे मासळी वाळवायच्या मोकळ्या जागेत, अशा ओळीनं वलांड्या आहेत आणि कुणाची कुठली हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. सोमीची शेवटची. खाडीच्या बाजूला, अगदी टोकाला. टेम्पो घेऊन आलेला माणूस रस्त्याकडच्या पहिल्या दोन-तीन वलांड्यांपाशीच थांबतो, तिथेच त्याचा टेम्पो भरतो. सोमी तीनदा धुते, वाळूचा कण राहू देत नाही, तिचे बोंबील काचेसारखे वाजतात. पण लग्न होऊन अकरा वर्षं झाली, तिच्या वलांडीपर्यंत आपणहून कुणी गिऱ्हाईक चालत गेलेलं नव्हतं. तिचा माल दुसऱ्यांच्या ढिगात मिसळून जायचा आणि तिचं नाव खळ्यावरच राहायचं.

आणि ह्या आठवड्यात तिला एका अनोळखी माणसानं नावानं विचारलं होतं. मनोरला हायवेवर खानावळ चालवणारे कमलेशशेठ. कुणीतरी त्यांना सोमीचं पाकीट भेट दिलं, त्यांनी त्यातले बोंबील तळून खाल्ले आणि स्टिकरवरच्या नंबरावर फोन केला. आज चार वाजता ते आणि त्यांचा भाऊ बसून सोमीचं पान बघणार होते. दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे फोटोही त्यांच्याकडे आले होते. पसंत पडेल त्याच्याकडे शनिवारी येऊन खानावळीचा वर्षाचा बोंबील ठरवणार.

चार वाजता. आणि पत्ता टाकला की 'चारशे चार'.

"वैनी," सोमीचा दुसरा निरोप आला, ह्या वेळी आवाज हळू होता. "तुमी घाबरू नका हां. मी आपली सांगितली. नायतर मी त्यांना बोलते, राहू द्या."

तिनं मलाच धीर दिला, हे मला जास्त लागलं.

मी माझ्या फोनवर साइटचं पहिलं पान उघडलं. सहा जणींचे सहा चेहरे. सोमीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, तिचं पान छान उघडलं, वरच्या पट्टीत तिचा पत्ताही आला. मग तोच पत्ता पुसून हातानं पुन्हा टाकला. चारशे चार. असं काही सापडलं नाही.

मग कळलं. कळलं आणि कानशिलं तापली, कारण ही चूक शिकाऊ मुलं करतात.

ह्या प्रकारच्या साइटचं मला पहिल्यापासून वेड आहे, ते आधी सांगते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की साइटवर पुष्कळ पानं आहेत. खरं तर पान एकच असतं. सर्व्हर, म्हणजे दूर कुठेतरी असलेलं ते यंत्र, ते एक पान देतो आणि त्याचं काम संपतं. पुढे तुम्ही सोमीवर बोट ठेवता तेव्हा तुमच्याच फोनमधला कोड आधीचा मजकूर काढतो, सोमीचा मांडतो आणि वरच्या पट्टीत सोमीचा पत्ता लिहून ठेवतो. मागे जायचं बटण दाबलं तर तो निमूटपणे आधीचं मांडतो. पडदा पडत नाही, पांढरं होत नाही. सर्व्हरला ह्यातलं काही कळतही नाही. पहिल्यांदा हे राउटिंग, म्हणजे पानांची अशी ये-जा, स्वतः लिहिलं तेव्हा मी ते बटण वीस-पंचवीस वेळा दाबून बघितलं होतं, नुसत्या आनंदानं. कोण एवढा विचार करून गेलं असेल, असं वाटलं होतं.

पण पत्ता थेट टाकला की विचारणा पहिल्यांदा सर्व्हरकडे जाते. आणि सोमीच्या नावाचं पान सर्व्हरकडे नाहीच. तो बघतो, सापडत नाही, चारशे चार म्हणतो. खोटं बोलत नाही बिचारा.

मग आधी कसं लक्षात आलं नाही? खळ्यावर सगळ्यांचे फोन घेऊन मी स्वतः तपासलं होतं. पण जी-ती पहिल्या पानावरूनच आत शिरत होती. मासळीबाजारात कसं, आधी सगळ्यांवरून एक नजर फिरवायची, मग आपल्याकडे वळायचं. आपलंच पान थेट उघडून बघावं असं एकीच्याही मनात आलं नाही. पाहुणा थेट सोमीकडे येईल, हे आम्हां कुणालाच सुचलं नव्हतं. सोमीलासुद्धा आज सुचलं.

पत्ताच बदलावा, तर स्टिकर छापलेले. पाकिटं घरोघर गेलेली.

दोन वाजून वीस मिनिटं. मी स्वयंपाकघरात गेले.

"आई, सोमीचं पान थेट उघडत नाहीये. चार वाजता कमलेशशेठ बघणार."

सासूबाईंचं नाव पुष्पलता. फोनवर त्यांना हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच कळतं, पण साइट होत असताना सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले होते.

"मंग?"

"एक करता येईल. त्यांना पहिलं पान पाठवू. तिथून सोमीवर बोट ठेवलं की उघडतं."

"पयल्या पानावर पयला फोटो कोनाचा?"

पहिला फोटो त्यांचाच होता. त्यांची वलांडीही पहिली, रस्त्याला लागून.

"मंग नको," त्या म्हणाल्या आणि बोंबलाची शेपटी खुडली. "त्यानं नाव कोनाचं घेतलं?"

"सोमीचं."

"नाव घेऊन आलेला मानूस मधी अडवायचा नाय. मी रस्त्यावर बसते चाळीस वर्सं. गाडी थांबली का लोक मलाच विचारतात, अमकी कुठं, तमकी कुठं. मी काय बोलू, ती जाऊ दे, माझा माल बगा? असं केलं असतं तर माझी पन माडी झाली असती." त्या हसल्या. "पन आळीत तोंड कुठं दाखवनार होती?"

"पण तुम्हांला सगळ्यांची घरं माहीत तरी आहेत, आई."

"कोन बोलला? नव्या सुना मला ठाव नाय, भाडेकरी ठाव नाय. मी काय तलाठी हाय?"

"मग कुणी अशा माणसाचं नाव घेऊन आलं तर?"

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. मी कोळगावच्या बाजूच्या वाडीवाल्यांची, म्हणजे बागायतदारांची, मुलगी. मला काही गोष्टी सांगाव्या लागतात हे त्यांच्या अधूनमधून लक्षात येतं.

"आमचं पयलं घर. पयल्या घरानं नाय बोलायचं नाय. ठाव असो, नसो. पानी द्यायचं, आत बसवायचं, मंग मागच्या दारातनं आळीत हाक मारायची, अमकीकडं पावना हाय गो! ज्याचा पावना तो येतो. कोनीच नाय आला तर मंग सांगायचं, बाबा, तू चुकलास. पन ते आत बसवल्यावर. दारात नाय."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

आमच्या वाडीला काटेरी कुंपण आणि लोखंडी फाटक. कुणी येऊन विचारलं की माझे अण्णा फाटकावरूनच, अगदी गोड आवाजात, "इथे नाही हो, पुढे विचारा" म्हणतात. त्यात काही वाईट नाही. पण मी सर्व्हर घेतला तो अण्णांसारखा. आणि माझ्या लॅपटॉपवर सरावासाठी जो छोटा सर्व्हर चालतो, त्याला पहिल्या घराची रीत न सांगता ठाऊक असते. तो आलेल्या प्रत्येकाला आत घेतो. म्हणून घरी सगळं नीट चालत होतं. बाहेरच्या सर्व्हरला ही रीत सांगावी लागते. मी सांगितली नव्हती.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "चक्कर आली काय?"

"नाही. तुम्ही आत्ता जे सांगितलंत ना, तेच त्या सर्व्हरला सांगायचंय."

"त्याला एवढं पन ठाव नाय?" त्यांना खरंच नवल वाटलं. "आनि तो शहरातला!"

एक ओळ. खरंच एक ओळ असते. कुणीही कुठलंही नाव घेऊन आलं आणि त्या नावाची वस्तू तुझ्याकडे नसली, तर नाही म्हणू नकोस, पहिलं पान दे. पुढे त्या पानातला कोड पत्ता वाचेल आणि ज्याचा पाहुणा त्याला बोलावेल. कुणीच नसलं तर तोच नीट सांगेल. ओळ लिहिली, सर्व्हरवर चढवली, तीन मिनिटं थांबले, पत्ता टाकला.

सोमी उघडली. वर तिचं नाव. खाली सहा रिकामे चौकोन.

फोटो नाहीत. आज काय वाळत घातलंय ते नाही. नंबर नाही. नुसतं नाव.

मला रडू यायचं बाकी होतं. मग कोड वर-खाली केला आणि माझी दुसरी चूक समोर आली. सहा जणींची सगळी माहिती पहिलं पान आणून ठेवत होतं आणि सोमीचं पान त्यातूनच आपलं उचलत होतं. पहिल्या पानावरून आलेल्या माणसाच्या हातात ती यादी असायची. थेट आलेला रिकाम्या हातांनी आला. आणि सोमीच्या पानाला स्वतःचं काही मागून आणायची सवयच मी लावली नव्हती. एवढी वर्षं दुसऱ्याच्या ढिगात मिसळणारी सोमी, आणि मी तिचं पानही तसंच केलेलं.

हे एका ओळीचं काम नव्हतं. तीनला दहा कमी. मी लिहायला बसले.

तीन वाजून दहा मिनिटांनी आतून "मम्मी" आलं.

सासूबाई धावल्या. "ये गो माझी बाय, गच्चीवर जाऊ, कबुतरं बगू."

"नको कबुतरं. मम्मी."

"मम्मी काम करते."

"मी पन करते काम."

ती आली, उशी ओढत, गालावर चादरीची घडी उमटलेली, आणि मांडीवर चढून बसली. झोपेतून उठलेल्या मुलाला एक ऊब असते, ती पोटाला लागली की हात आपोआप सावकाश होतात. आज मला सावकाश परवडणार नव्हतं. मी डाव्या हातानं तिला धरलं आणि उजव्या हातानं लिहू लागले. पत्ता वाच. नाव घे. ज्याचं नाव त्याचंच सामान मागव. आलं की मांड. येईपर्यंत 'थांबा, आणतोय' म्हण.

"हे काय लिहिलं?"

"सोमीमावशीचे फोटो आणायला सांगितलं."

"कोणाला?"

"फोनला."

"तो ऐकतो?"

"नीट सांगितलं तर ऐकतो."

तिला पटलं. अंगठा तोंडात गेला. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या, हाताला बोंबलाचा वास, मधेच माझ्या कपाळावरचा केस मनगटानं मागे सारत होत्या. एकदा चुकीच्या ठिकाणी कंस पडला आणि पडद्यावर सगळं लाल झालं. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

पावणेचारला मी ते चढवलं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी सोमीला निरोप पाठवला: भावाच्या फोनवर पत्ता हातानं टाका. पहिल्या पानावरून जाऊ नका.

वाट बघितली. मेघालीनं अंगठा काढून विचारलं, "झालं?" मी नुसती मान हलवली, हो की नाही तेही ठरवलं नव्हतं.

मग सोमीचा आवाज आला. आधी वारा, मागे कुणाची तरी बडबड, मग ती.

"वैनी… हायला. मी हाय! थेट मीच हाय. पयली कोनीच नाय मधी." मग, "पन वैनी, त्या फोटोत ती निळी बादली कशाला ठेवली? काढायला नाय सांगायचं?"

सासूबाई एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "बग, आता बादली दिसायला लागली तिला!"

चार वाजले. सव्वाचार झाले. सोमीचं काही नाही. मी उगाच ती ओळ पुन्हा उघडून वाचत राहिले. साडेचारला कमलेशशेठचा आवाज तिनं पुढे पाठवला. मागे भांड्यांचा गोंगाट.

"सोमीबेन, बघितलं तुमचं. भाऊला पण पसंत आहे. शनिवारी सकाळी येतो आम्ही, मग वर्षाचं बोलू. ते फोटोमध्ये तुमच्या मागे खाडी दिसते ना? मंजे एकदम टोकाला. गाडी कुठपर्यंत येते सांगा, पुढे चालत येऊ."

चालत येऊ. मी ते तीनदा ऐकलं. खळ्यावर सोमी आत्ता काय करत असेल ते मला दिसत होतं, बहुतेक बांबू पुसत असेल.

सासूबाई उठल्या आणि बोंबलांची पिशवी बांधायला लागल्या.

"आई, काय झालं? तुम्ही रविवारपर्यंत राहणार होतात."

"शुक्रवारीच जाते. शनिवारी दारात कोनी नको काय? तो गाडी तिथंच लावनार. मंग आत कोन सांगनार?"

"पण शनिवारी तुमच्या वलांडीवर माल आहे ना, आई? त्यांनी तोच बघितला तर?"

"बगू दे की. डोळे हायत, बगनार. पन मी सोमीकडं नेऊन सोडनार." त्यांनी गाठ आवळली. "तू येवढं एका हातानं केलं, मी चार पावलं चालायची नाय काय?"

चाळीस वर्षं रस्त्याकडेला बसून ही बाई लोकांना आपल्या मालावरून पुढे पाठवत आली. त्याला काही मोठं नाव असतं, हे तिला माहीतही नाही. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि फडताळात ठेवली. शुक्रवारला अजून दोन दिवस होते.

मेघालीनं एव्हाना माझा फोन घेतला होता. तिला सोमीमावशी सापडली होती. बोटानं फोटो मोठा केला, लहान केला, मग खालच्या दुसऱ्या नावावर बोट पडलं आणि सोमी जाऊन सहांतल्याच प्रतापच्या आईची करंदी, ती बारीक सुकी कोलंबी, आली.

"सोमीमावशी गेली!"

"गेली नाही. तिच्या नावावर बोट ठेव."

ठेवलं. सोमी आली, खाडी आली, निळी बादली आली. मेघाली खुदकन हसली. पुन्हा दुसरीकडे गेली, पुन्हा सोमीला बोलावलं. चार वेळा, पाच वेळा. मी तिच्या केसांत नाक खुपसून बघत होते, माझाच खेळ ती खेळत होती.

मग ती थांबली. सोमी पडद्यावर नव्हती, करंदी होती.

"बोट ठेवलं की येते?"

"हो."

"आणि कोणीच बोट ठेवलं नाही तर?"

"मग नाही येत."

तिनं फोन उलटा करून मागे बघितलं.

"मग तेव्हा ती कुठे असते, मम्मी?"